केळफुलाची धाकटी बहीण

भाऊ गेल्यापासून आई एकच प्रश्न विचारत होती. विहिरीवर, पडवीत, मला, काकूला, भेटायला आलेल्या बायकांना. "तो तिथं सुखात होता का गं?" बायका पदर डोळ्यांना लावायच्या आणि म्हणायच्या, होता, होता. पण बोईसरच्या पुढे ज्यांनी कधी पाऊल टाकलं नाही, त्यांच्या 'होता'ला काय अर्थ, हे आईला कळत होतं. मलाही कळत होतं, आणि तरी मीही तेच म्हणत होते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. उमरोळीला दिलेली. भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आमचं घर केळव्याला, वाडीत. माड, पोफळी, मधे केळी, पानवेली, आणि एका अंगाला काकांचं घर. विहीर दोन्ही घरांची एकच.

वडील माडावरून पडून गेले. नारळ काढायला चढले होते, रोजचंच काम. भाऊ तेव्हा अठरा वर्षांचा. त्याला वाडीशिवाय दुसरं काही दिसत नसे. पोफळीवर असा सरसर चढायचा, आणि सुपाऱ्या उतरवून झाल्या की झाड हलवून झोका घ्यायचा आणि तिथल्या तिथे दुसरी पोफळ पकडायचा. जमिनीला पाय न लावता अर्धी वाडी फिरून यायचा. वडील गेल्यावर आईनं एकच सांगितलं, "झाडाला हात लावायचा नाय." नुसतं सांगितलं नाही, तर तो दोर घेऊन निघाला की ही वाटेत आडवी बसायची. वाडी गड्यांकडून करून घ्यायची, पण पोरानं चढायचं नाही.

त्याच सुमाराला तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. परदेशी इंजिनियर बायकापोरांसकट तिथे राहायला आले होते, त्यांच्यासाठी बंगले बांधले होते. काकांच्या ओळखीनं एका बंगल्यात जागा निघाली. स्वयंपाकघरात मदत करायची, टेबल मांडायचं, वाढायचं, आवरायचं. भाऊ म्हणाला, "आई, मी लोकांची ताटं उचलायला नाय जाणार."  आईनं जेवण सोडलं. दोन दिवस पाण्यावर होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पिशवी भरली आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. मी त्या वेळी माहेरी होते म्हणून मला हे माहीत. आईनं ते कधी कुणाला सांगितलं नाही. तिच्या प्रश्नाचं मूळ कुठे होतं ते तुमच्या आता लक्षात आलं असेल.

पहिले सहा महिने तो पंधरवड्याला घरी यायचा, जेवायचा आणि पोफळींखाली जाऊन आडवा व्हायचा. विचारलं तर "बरं हाय" एवढंच. मग हळूहळू त्याची जीभ सुटली. जेवता जेवता तिकडच्या गोष्टी सांगायला लागला. तो ज्यांच्याकडे कामाला होता त्या बाईला तो मडम म्हणायचा. मडम अशी चालते, मडमचा मुलगा भेंडी बघून रडतो, त्यांच्याकडे पांढरं कपाट असतं आणि त्यात पाणी गोठतं. आई ऐकताना घास हातात तसाच धरून ठेवायची.

आईची केळफुलाची भाजी आमच्या आळीत नावाजलेली. ती नुसती भाजी नव्हती, तो तिचा मान होता. कुणाकडे पान वाढायचं असलं की केळफूल निवडायला तिला बोलावणं यायचं. त्या भाजीवरून भाऊ तिला मुद्दाम डिवचायचा. एकदा म्हणाला, "आई, तुझ्या केळफुलाला एक धाकटी बहीण हाय."

"कुठं?"

"मडमच्या घरात. पानावर पान, पानावर पान, अशीच. हिरवी, मुठीएवढी. पण काय चव हाय गं! तुला खायला घालीन तेव्हा केळफुलाचं नाव काढायची नाय तू."

"आण तर खरं. बघू कोण मोठं ते."

"आणीन ना. हिवाळ्यात मुंबईवरनं पेटी येते त्यांच्याकडं. आणीन आणि कशी करायची तेपण मीच दाखवीन."

कशी करायची ते तो सांगेना. त्याची खोडच ती. अर्धी गोष्ट सांगायची आणि अर्धी राखून ठेवायची. आई दर वेळी विचारायची, तो दर वेळी हसायचा. मला मात्र शंका यायची. एकदा विहिरीवर त्याला एकट्याला गाठून विचारलं, "तू हे खरं सांगतोस की आईला बरं वाटावं म्हणून सांगतोस?" तो म्हणाला, "तुला काय वाटतं, ताई?" मी चिडून घागर उचलून आले. मला काय वाटतं ते मी तेव्हा सांगायला हवं होतं.

कार्तिकात तो ताप घेऊन घरी आला. विषमज्वर. पालघरहून डॉक्टर येत होते. एकोणीस दिवस. या एकोणीस दिवसांबद्दल मला लिहायचं नाही.

तेराव्यापर्यंतचं सगळं काकांनी केलं. स्वयंपाक काकूनं आणि मी. आई भिंतीला टेकून बसलेली. चुलीकडे ती फिरकली नाही. पुढे घातला तर घास गिळायची, नाहीतर तसाच राहायचा. माझे यजमान दर दोन दिवसांनी उमरोळीहून येऊन बघून जायचे आणि मला राहू द्यायचे, त्यांचे उपकार मी विसरले नाही.

महिना व्हायला चार दिवस उरले होते. आमच्यात पहिल्या महिन्याला गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान करतात. काका पडवीत काकूला सामान सांगत होते, वडे, खीर, भोपळा. आई अचानक म्हणाली, "पान मी रांधणार. आणि ती भाजी पायजे."

"कुठली?"

"त्यानं आणीन म्हटलेली. मडमच्या घरची."

काकू माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "डोकं फिरलं हिचं." मी काकूला म्हणाले, "फिरू दे. महिनाभरात ती पहिल्यांदा काहीतरी मागतेय." काकू माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बरंच झालं.

आदल्या दिवशी सकाळी मी आणि आई निघालो. टांग्यानं केळवे रोड, तिथून गाडीनं बोईसर. मधे उमरोळी आली तेव्हा माझी जाऊ फलाटावर डबा घेऊन उभी होती, पण आईनं डब्याकडे बघितलंही नाही. बोईसरहून खडी नेणाऱ्या एका ट्रकवाल्यानं आम्हाला पुढे बसवून घेतलं. त्यानं हिंदीत विचारलं, "किसके घर जाना है, माँजी?" आई म्हणाली, "पोराच्या." मी खिडकीबाहेर बघत राहिले. रस्ता नवा, दोन्ही बाजूंना मातीचे ढीग, लोखंड, पत्र्याच्या शेडी.

मडमनं दार उघडलं. उंच बाई, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी असेल. मी भावाचं नाव घेऊन हिंदीत सांगितलं, "हम उसका माँ और बहन." तिला हिंदी येत नव्हती, मलाही धड येत नव्हती, पण तो गेल्याचा निरोप काकांनी तिथे पाठवला होता, तिला कळलं. तिनं तोंडावर हात धरला आणि तिचे डोळे भरून आले. तिनं आम्हाला आत घेतलं. आई दाराशीच जमिनीवर बसली, पदर डोळ्यांपर्यंत ओढून.

मी भाजी मागितली. हातांनी दाखवलं, पानावर पान, मुठीएवढी. मडमनं आधी कोबी काढून दाखवला. मग कांदा. तिसऱ्या वेळी तिला कळलं, आणि ती पांढऱ्या कपाटातून चार काढून घेऊन आली. भाऊ म्हणत होता तशीच होती. हिरवी, जाड खवल्यांची, टोकांना बारीक काटे, खाली जाड देठ. केळफुलाचा आकार, पण गोल आणि आखूड.

आई पदराआडून हळूच म्हणाली, "तिला विचार. तो इथं सुखात होता का, ते विचार."

मी विचारलं. "वो इधर खुश था?"

मडम बोलायला लागली. आपल्या भाषेत, भरभर, रडत रडत, किती वेळ बोलत होती. मधे तिनं स्वयंपाकघराकडे बोट केलं, मधे हसली, मधे छातीवर हात ठेवला. त्यातलं मला फक्त त्याचं नाव कळलं, तेही वेडंवाकडं उच्चारलेलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय म्हणते?" मी म्हटलं, "होता म्हणते." आईनं मान खाली घातली. तिला कळलं की मला काही कळलं नाही. उत्तर आमच्या समोर सांडत होतं आणि आम्हाला ते उचलता येत नव्हतं, इतकं मोठं दुःख मला त्या घरात दुसरं कुठलंच झालं नाही.

निघताना मडमनं मला एकटीला थांबवलं. आई पुढे फाटकापर्यंत गेली होती. मडमनं एका भाजीचं बाहेरचं पान ओढून काढलं, टोकाला धरलं, बुडाची बाजू तोंडात घालून दातांमधून ओढल्यासारखं केलं. दोनदा केलं. मग आतल्या भागाकडे बोट दाखवून नको नको अशी जोरजोरानं मान हलवली, आणि काहीतरी फेकून दिल्यासारखा हात केला. मी मान डोलावली. समजलं म्हणून नव्हे, निघायचं होतं म्हणून.

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. आईनं हातपाय धुतले, कोपऱ्यातली परात ओढली, हातांना खोबरेल लावलं आणि निवडायला बसली. तेल लावल्याशिवाय केळफुलाला हात लावत नाहीत, चिकानं बोटं काळी पडतात. महिनाभर मांडीवर नुसते पडून असलेले हात असे भराभर चालायला लागलेले बघून काकूनंही भांडण विसरून चहा टाकला.

ज्यांनी केळफूल कधी निवडलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहेरची तांबडी पानं काढून टाकायची असतात. प्रत्येक पानाखाली फुलांची फणी असते, ती घ्यायची. प्रत्येक फुलातली कडक दांडी आणि पापुद्रा काढायचा, नाहीतर भाजी कडू होते. मग ती फुलं चिरून रात्रभर ताकात ठेवायची. म्हणजे पान टाकायचं, फूल ठेवायचं. आईनं आयुष्यभर हेच केलं होतं, आणि ही तर केळफुलाची बहीण.

तिनं पान काढलं. खाली फूल नव्हतं. दुसरं काढलं. तिथेही नाही. "अजून आत असतील," ती म्हणाली. सगळी पानं निघाली तेव्हा मधोमध एक केसाळ पुंजका निघाला, बारीक, पांढरट, दाट. आईचा चेहरा उजळला. "ही बघ फुलं. कोवळी हायत, म्हणून असली." तिनं तो पुंजका बोटांनी अलगद उकरून घेतला आणि त्यात एक एक करून दांडी शोधायला लागली. दांडी सापडत नव्हती. डोळे बारीक करून, दिव्याजवळ धरून ती शोधत होती.

मला मडमचा हात आठवला. फेकून द्या म्हणणारा.

इथे माझं चुकलं. मला पूर्ण कळलं नव्हतं हे खरं, पण अर्धं कळलं होतं हेही खरं. तिला थांबवलं असतं तर ती उठून परत भिंतीला टेकली असती, या भीतीनं मी गप्प बसले. वर मनाशी म्हटलं, त्या लोकांचं त्यांना माहीत, आईच्या हाताला कशाचीही भाजी जमते. आपल्या सोयीचं असलं की माणूस आईच्या हातावर केवढा विश्वास टाकतो.

चार भाज्यांचे मिळून मूठभर केस निघाले. "एवढंच?" आई म्हणाली. "एवढ्याशासाठी केवढा पसारा." तिनं ते ताकात घातले आणि पानं आणि खालचे जाड बुडखे टोपलीत भरून मला दिले. "केळीच्या बुडात टाक." मी टोपली घेऊन वाडीत गेले, केळीपाशी उभी राहिले, आणि मला ती ओतवेना. विहिरीजवळ पानवेलीची पानं ओल्या पोत्याखाली ठेवतात, तिथेच टोपली ठेवली आणि पोतं ओढलं.

दुसऱ्या दिवशी आईनं न्हाऊन, ओलेत्यानं चूल पेटवली. वाल आदल्या दिवशीच भिजवलेले होते. वाल, ते केस, ओलं खोबरं, चिंच, गूळ. पुन्हा पुन्हा वाकून बघत होती, शिजतायत का. केस काही विरघळत नव्हते. पण पानाच्या स्वयंपाकाची चव घेत नाहीत. गेलेल्या माणसाच्या आधी कुणाच्या जिभेला काही लागता कामा नये. वासावर आणि हातावर रांधायचं. म्हणून आईनं चाखलं नाही, मी चाखलं नाही, आणि झालेली चूक झाकणाखाली शांतपणे शिजत राहिली.

काकांनी पान विहिरीच्या कठड्यावर ठेवलं. आई हात जोडून उभी होती. मोठ्यानं म्हणाली, "तुझी भाजी हाय रे. घे." कावळा आला, वडा घेऊन गेला. भाजीला त्यानं चोच लावली नाही, हे मी पाहिलं. आईनंही पाहिलं असावं.

मग आम्ही चौघं जेवायला बसलो. काकांनी पहिला घास घेतला आणि त्यांना ठसका लागला. काकूनं घास तोंडात फिरवला, फिरवला, आणि पाणी प्यायली. माझ्या घशात ते केस अडकले, जिभेनं काढावेत तर निघेनात. कुणी थुंकलं नाही, पानावरचं टाकत नाहीत. आई मात्र खात होती. घास, मग दुसरा घास, मग तिसरा. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते घशामुळे की कशामुळे ते कळत नव्हतं. तिनं वाटी पुसून संपवली.

मग म्हणाली, "हे खायला घालत होते त्याला."

काकू तिच्याकडे बघायला लागली.

"हा कचरा. हा गुरंपण खायची नायत. आणि पोर माझ्यासमोर बसून सांगायचा, काय चव हाय, आई." तिचा आवाज अगदी शांत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "मला बरं वाटावं म्हणून सांगायचा. सगळं खोटं. बरफ खोटा, भेंडी खोटी, सगळंच खोटं. मी उपाशी बसून धाडलं, म्हणून मला बिचारा कधी सांगू शकला नाय."

काका म्हणाले, "तसं नाय गं वैनी."  आई ताटावरून उठायला लागली, भिंतीकडे बघत. मला कळलं की आता ती त्या भिंतीला टेकली की पुन्हा उठणार नाही.

"आई, थांब," मी म्हटलं. "तू चुकीचं रांधलंस. मला काल माहीत होतं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी सगळं सांगून टाकलं. मडमनं दाखवलेलं, फेकून द्या म्हणालेली, मी गप्प बसलेली, टोपली. काकू म्हणाली, "कसली गं तू पोरगी?" त्या दिवशी काकूचं बरोबर होतं.

मी विहिरीपाशी धावले. पोत्याखाली पानं होती तशी होती, बुडं थोडी काळी पडलेली. ती धुतली, हंड्यात पाणी आणि मीठ घालून त्यात पानं आणि बुडखे टाकले आणि चूल परत पेटवली. किती वेळ शिजवायचं ते माहीत नव्हतं. बोटानं दाबून बघत होते. आई दारात उभी होती. ती आत आली नाही, पण गेलीही नाही.

परातीत काढून मी तिच्यापुढे ठेवली. वाफा येत होत्या. एक पान टोकाला धरून, बुड दातांत धरून ओढून दाखवलं, मडमनं दाखवलं होतं तसं. दातांवर थोडासा मऊ गर आला. आणि खरंच सांगते, त्याला चव होती. कोवळ्या शहाळ्याच्या खोबऱ्याच्या आसपासची, पण हिरवी. आजही मला नेमकी सांगता येत नाही.

आईनं एक पान उचललं. ओढलं. उरलेलं पान डोळ्यांसमोर धरून त्यावरच्या दातांच्या खुणा बघितल्या. मग दुसरं. मधे तांब्यातलं पाणी प्यायली आणि थबकली. "पाणी गोड लागतं," ती म्हणाली. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, समुद्र तीन शेतांवर. मी प्यायले. गोड होतं. काकांनी एक पान खाल्लं, पाणी प्यायले आणि अंगणात निघून गेले.

आम्ही तिघी बायका परातीभोवती बसून राहिलो. एका पानावर येऊन येऊन किती येणार? नखाएवढं. ओढायचं, ठेवायचं, दुसरं घ्यायचं. ढीग इकडून तिकडे होत होता आणि पोटात काही जात नव्हतं. शेवटी काकू वैतागून म्हणाली, "अगो, हे खात बसलं तर माणसाचा दिवस जाईल."

आईचा हात थांबला.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं दिवस जाईल. कुणाला एवढी सवड?"

आई हातातल्या पानाकडे बघत होती. "उभ्यानं नाय खाता येणार हे," ती म्हणाली. आमच्याशी नाही, स्वतःशी बोलल्यासारखी. "काम करता करता नाय खाता येणार. उष्टंपाष्टं कोपऱ्यात बसून भराभर गिळतात, तसं नाय गिळता येणार. याला बसावं लागतं. कुणी हाक मारणार नाय, उठ म्हणणार नाय, असं बसावं लागतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, त्याला चव माहीत होती. म्हणजे तो असा बसला होता. त्याला कुणीतरी असं बसू दिलं होतं."

मी मान डोलावली. 

"मीच धाडलं त्याला," आई म्हणाली. महिनाभरात, नव्हे, तीन वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली. "नको म्हणत होता. मीच उपाशी बसून धाडलं." आणि मग ती रडायला लागली. तेराव्यालाही रडली नव्हती तशी. रडता रडता एकेक पान उचलत होती, दातांतून ओढत होती, ओळीनं मांडून ठेवत होती. काकूनं तिला गप्प केलं नाही. काकूनं खालचे बुडखे सोलून, चिरून, तिच्या हाताशी ठेवले.

पुरावा म्हणाल तर हा काही पुरावा नव्हे. मला तेव्हाही कळत होतं की तो एखाद्या दुपारी मागच्या पायरीवर, कुणाचं लक्ष नसताना, उरलेलं एखादं खात बसला असेल. पण पायरीवर का होईना, तो बसलेला मला दिसला. मांडीवर बशी, समोर समुद्र, हातात पान. तोंडावर ते हसू, आता आईला जाऊन अर्धंच सांगायचं, म्हणून आलेलं. महिनाभर मी आईला सांभाळत होते, पाहुण्यांना चहा करत होते, काकूशी भांडत होते. आईचा मुलगा गेला हे दुःख मी वाहत होते. माझा भाऊ गेला, हे मला त्या परातीपाशी बसून कळलं. मी जी रडायला लागले ती मला थांबता येईना, तेव्हा आईनं ओले हात पदराला पुसले आणि मला जवळ ओढून घेतलं.